सात नंबरची बाटली

४ जानेवारी

ताई,

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही, तेव्हा पत्र. बर्फाच्या कारखान्यातल्या यंत्रांनी तुझे कान खाल्ले, पण नजर शाबूत ठेवली हे बरं केलं. या वेळी काम नजरेचं आणि हातांचं आहे.

आपल्या गावाच्या सांडपाण्याची योजना आमच्या कार्यालयाकडे आली आणि साहेबांनी ती माझ्या टेबलावर टाकली. गाव माझं आहे हे मी आधीच सांगून टाकलं. ते म्हणाले, उत्तम, निदान खड्डे कुठे आहेत ते तरी तुम्हाला माहीत असतील.

खाडी हिरवी पडतेय हे तू दोन वर्षं लिहिते आहेस. त्याचं मूळ आपल्या परसांत आहे. गावात गटार नाही, प्रत्येक घरामागे संडासाचा शोषखड्डा. घाण वाळूत अडकते, पण तिच्यातला नायट्रोजन अडकत नाही. तो नायट्रेट होऊन पाण्याबरोबर खाली उतरतो, आधी विहिरीत आणि मग खाडीत. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. खाडीतल्या शेवाळाला मात्र तो खुराक आहे. शेवाळ माजतं, मरतं, कुजतं, आणि कुजताना पाण्यातली हवा संपवून टाकतं. मासे गुदमरतात ते त्यामुळे.

योजना अशी की सगळं सांडपाणी पाइपांनी गोळा करून टेकडीमागच्या पडीक जागेवर शुद्धीकरण केंद्रात न्यायचं. एका टाकीत हवा सोडायची, दुसरीत ती मुद्दाम तोडायची. हवा तोडलेल्या टाकीतले जंतू श्वासासाठी नायट्रेट फोडतात आणि नायट्रोजन वायू होऊन उडून जातो. बाकी पाणी खाडीत सोडलं तरी चालतं. पण पाइप एकदम सगळ्या गावाला मिळणार नाहीत. कुठली गल्ली पहिल्या टप्प्यात आणि कुठली दुसऱ्या, हे विहिरींच्या पाण्याचे आकडे ठरवतील.

म्हणून तू. आमचा नमुने घेणारा माणूस बारा विहिरींच्या बारा बाटल्या एकाच नळाखाली भरून आणतो, हे मी स्वतः पाहिलं आहे. तुझ्यावर माझा विश्वास आहे. आपल्या गल्लीतल्या बारा विहिरींसाठी बारा बाटल्या पाठवतोय, घराचे नंबर घातलेत. पोहरा बुडवून पहिलं पाणी ओतून द्यायचं, दुसऱ्याने बाटली विसळायची, तिसरं भरायचं. लगेच बर्फात. बर्फाला तुला कारखान्यात कोणी नाही म्हणणार नाही. पेटी सकाळच्या बसच्या कंडक्टरकडे दे, तो ओळखीचा आहे.

सात नंबर आपली. बाबांची विहीर. ती नीट भर.

तुझा भाऊ


१५ जानेवारी

प्रिय टुकटुक्या,

पन्नाशीला टेकलास तरी तुला हेच नाव. पाय मोडून घेऊन आठ महिने कुबडी टुकटुक वाजवत घर डोक्यावर घेणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणायचं? तुझ्या साहेबांना सांगू नकोस, नाहीतर तेही म्हणतील.

तुझी कामगिरी पार पाडली. तीन दिवस गल्लीत पोहरा घेऊन हिंडले. एक नंबरवाल्यांना वाटलं मी विहिरी मोजून कर बसवायला आलेय, त्यांनी कुत्रं सोडलं. चार नंबरची म्हातारी म्हणाली, आमच्या पाण्यात काही निघालं तर मला सांगू नकोस, मला अजून दहा वर्षं तेच प्यायचं आहे. आठ नंबरच्या शिंपीणबाईंनी मशीन थांबवून स्वतः दोर धरला. त्यांची लेक बाळंतपणाला आली आहे, दिवस भरत आलेत. बाळाच्या दुधासाठी वगैरे त्या टेकडीवरच्या सार्वजनिक नळाचं पाणी आणायचं म्हणत होत्या. तो नळ दिवसाआड तासभर येतो, औषधाचा वास मारतो, पण त्यांचा विहिरींवर भरवसा राहिलेला नाही. खाडीकडे बघून कोणाचा राहील?

कालचीच गोष्ट सांगते. धक्क्यावर गेले होते. पाणी हललं तरी शेवाळ हलत नव्हतं. कडेला बोटाएवढे मासे, सगळे पोट वर करून, एका रेषेत लागलेले. मच्छीमार जाळी धूत होते. त्यातला एक मला म्हणाला, बाई, पूर्वी जाळ्याला मासळीचा वास यायचा, आता संडासाचा येतो. तो हसला नाही, म्हणून मीही हसले नाही.

बाराही बाटल्या भरून, बर्फात दाबून कंडक्टरच्या हवाली केल्या आहेत. सात नंबरची सगळ्यात शेवटी भरली. त्या दिवशी टेकडी चढउतार झाली, पोटऱ्या अजून भरून आहेत.

एक विचारायचं होतं. खड्डा आणि विहीर यांत तीस पावलं हवीत असं बाबा सगळ्यांना सांगायचे. गल्लीतले बहुतेक खड्डे त्यांनीच बांधले, गवंडी म्हणून त्यांचा शब्द चालायचा. तीस पुरतात ना? आणि कमी असली तर फार बिघडतं का? सहज विचारलं.

ताई


६ फेब्रुवारी

ताई,

आकडे आले. बसून वाच.

एका लिटरात पंचेचाळीस मिलिग्रॅम नायट्रेटपर्यंत पाणी पिण्यालायक समजतात. एक नंबरच्या विहिरीत ब्याऐंशी. चारमध्ये एकशेसात, म्हातारीला सांगू नकोस. शिंपीणबाईंची पंच्याण्णव. पाच, सहा, नऊ, सगळ्यांची सत्तरच्या वर. आणि सात नंबर? चार. चुकून लिहिलेलं नाही, चारच.

मी तो आकडा बघून खुर्चीवरून उठलो आणि व्हरांड्यात एक फेरी मारून आलो. सगळी गल्ली सडली आणि मध्ये बाबांची विहीर स्वच्छ. ताई, बाबांना लोक नुसता गवंडी म्हणायचे. आता त्यांचं काम कागदावर आलं. मी अहवालात लिहिलंय की अनुभवी कारागिराने योग्य अंतर राखून बांधलेला खड्डा आजही काम देतो. त्यांचं नाव घातलं नाही, पण वाचणाऱ्यांना कळेल.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: वाळूच्या जमिनीत तीस पावलंसुद्धा कमीच पडतात असं पुस्तकं म्हणतात. आपल्या विहिरीने पुस्तकं खोटी पाडली.

निकालाचा तक्ता नगर कार्यालयाच्या फलकावर लावायला सांगितला आहे. लोकांना माहिती मिळण्याचा हक्क आहे. शिवाय आकडे बघून गाव योजनेच्या मागे उभं राहील. नगरसभेची बैठक मार्चच्या मध्याला. तोवर टप्प्यांची आखणी पुरी करायची आहे.

तुझ्या हातांनी मोठं काम झालं.

भाऊ


२० फेब्रुवारी

प्रिय टुकटुक्या,

तो तक्ता काढून घेता येईल का?

सांगते काय झालं ते. कागद लागला त्या संध्याकाळी सहा नंबरची सून कळशी घेऊन दारात. म्हणाली, ताई, आमचं पाणी विष निघालं, तुमचं देता का? नाही कशी म्हणू? दुसऱ्या दिवशी चार जणी आल्या. आता सकाळी सहाला आपल्या परसात रांग लागते. पोहऱ्याचा दोर एका आठवड्यात झिजला, नऊ नंबरवाल्याने नवा आणून बांधला. कोणीतरी विहिरीच्या कठड्याला चुना लावून गेलं. लोक जाताना बाबांचं नाव काढतात. एकजण तर म्हणाला, गवंडी गेला पण गल्लीला पाजून गेला. मी आत जाऊन दार लावून बसले.

शिंपीणबाईंच्या लेकीला मुलगी झाली. लेक तापाने आजारी आहे, अंगावरचं दूध नाही, तेव्हा डब्याच्या पावडरीचं दूध चाललंय. टेकडीवरच्या नळाचं पाणी आणणं त्यांनी बंद केलं. म्हणाल्या, शेजारी चार आकड्याचं पाणी असताना मी कशाला गुडघे झिजवू? रोज दोन कळशा नेतात. मी म्हटलं, बाळासाठी नळाचंच वापरा, औषध घातलेलं असतं. तर त्यांना राग आला. पाणी द्यायचं जिवावर आलं असेल तर सरळ सांगा, म्हणाल्या. आमची चाळीस वर्षांची ओळख, असं कधी बोलल्या नव्हत्या.

मला वाटतं, सात नंबरची बाटली पुन्हा घ्यावी. माझ्या हातून गडबड झालेली असू शकते. वय झालं, बारा बाटल्या, उन्हाचं हिंडणं. तू नवी बाटली पाठव, मी भरते. आणि तोवर तो कागद काढ.

रात्री झोप लागत नाही. तुला वाटेल म्हातारीचं चाललंय काहीतरी.

ताई


१ मार्च

ताई,

तुझं पत्र वाचून हसू आलं आणि थोडी काळजीही वाटली. तू आयुष्यभर कारखान्यात पाळीची नोंद ठेवलीस, एक लादी बर्फ कमी भरली तरी तुला कळायचं. तुझ्या हातून गडबड होत नाही.

बाटली पुन्हा घ्यायची गरज नाही. एकदा नोंदवलेला आकडा पुन्हा मागवला की वर प्रश्न विचारतात, आणि प्रश्न सुरू झाले की योजना दोन वर्षं मागे पडते. खाडीला दोन वर्षं नाहीत. तक्ताही राहू दे. चांगल्या पाण्याची रांग लागते याचं तुला ओझं का वाटतंय? बाबा असते तर कठड्यावर बसून मिश्यांना पीळ देत राहिले असते.

आखणी पुरी झाली. बाजारपेठ आणि धक्क्यालगतची वस्ती पहिल्या टप्प्यात. आपली गल्ली दुसऱ्या टप्प्यात ठेवली आहे. वाईट वाटून घेऊ नकोस. गल्लीच्या मधोमध एक विहीर स्वच्छ आहे, म्हणजे तिथली जमीन अजून गाळते आहे आणि लोकांना प्यायला जवळच पाणी आहे, असा युक्तिवाद साहेबांनीच केला. दुसरा टप्पा साधारण आठ वर्षांनी. तेवढी वर्षं बाबांची विहीर गल्ली सांभाळेल.

बैठक सोळा तारखेला आहे. मी येणार होतो, पण इथूनच कागद पाठवावे लागणार.

शिंपीणबाईंना नातीबद्दल अभिनंदन सांग. आणि झोपत जा.

भाऊ


१९ मार्च

प्रिय टुकटुक्या,

नगरसभेत तुझी योजना मंजूर झाली हे तुला कळलंच असेल. टाळ्या वाजल्या म्हणे. मी गेले नाही.

शिंपीणबाईंच्या नातीचं काही खरं दिसत नाही. महिन्याची झाली. आठ दिवसांपासून तिचा रंग उतरलाय. आधी वाटलं, खोलीत उजेड कमी म्हणून तशी दिसते. मग त्यांनी तिला अंगणात आणलं आणि मी पाहिली. ओठ राखाडी, नखं निळसर, जांभळं खाल्ल्यावर होतात तशी. रडते तेही धाप लागल्यासारखी, मध्येच थांबून. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, हृदयात दोष असेल, नाहीतर छातीत कफ असेल, शहरात न्यावं लागेल. औषध दिलंय. उतार नाही.

तिची आई खाटेवरून उठून बसली आहे आणि दिवसभर नुसती तिच्या नखांकडे बघते. शिंपीणबाईंच्या मशीनचा आवाज बंद आहे. मला एरवी फारसं ऐकू येत नाही, पण ते मशीन भिंतीतून पायाला कळायचं. आता कळत नाही.

मी त्यांना सांगितलंय की पाणी चांगलं उकळा, काहीही असलं तरी मरेल. त्या बिचाऱ्या माझ्या सांगण्यावरून दुप्पट उकळतात. सकाळी पातेलं भरून ठेवतात ते अर्धं होईपर्यंत. ते उरलेलं अर्धं पाणी बाळाच्या दुधात. उकळल्यावर सगळं जातं ना रे? तुझं ते नायट्रेट जातं ना? लगेच कळव. पोस्टाने नको, इथल्या नगर कार्यालयात फोन कर, कारकून मला निरोप लिहून देईल.

पुढचं उत्तर आलं की मग लिहिते. मला तुला काहीतरी सांगायचं आहे.

ताई


२३ मार्च

ताई,

तुझं पत्र आत्ता दुपारी हातात पडलं. हे लिहायच्या आधी मी दवाखान्यात फोन केला आहे. डॉक्टरांशी बोललो. त्यांना सांगितलं की हृदय नाही, कफ नाही, पाणी आहे. नायट्रेट लहान बाळाच्या रक्तात शिरतं आणि रक्त हवा वाहून न्यायचं विसरतं, म्हणून बाळ निळं पडतं. ते फोन तसाच टाकून धावत निघाले हे मला इकडे ऐकू आलं. हे पत्र तुला मिळेपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असेल. तरी लिहितो, कारण फोनवर कारकुनाकरवी सांगता येणार नाही असं ते आहे.

उकळून नायट्रेट जात नाही. जंतू मरतात, नायट्रेट तसंच राहतं. पाणी आटून अर्धं झालं की ते दुप्पट होतं. हे मी पहिल्याच पत्रात लिहायला हवं होतं. तुला नमुने कसे घ्यायचे ते तीन ओळींत समजावलं, आणि पाणी कसं प्यायचं ते एका ओळीतही नाही.

आता दुसरं. जानेवारीत प्रयोगशाळेतल्या बाईंनी मला बोलावून घेतलं होतं. बारा बाटल्या त्यांनी ओळीत मांडल्या होत्या. म्हणाल्या, साहेब, अकरा बाटल्यांतलं पाणी एकाच जमिनीतलं आहे, क्षार सारखे आहेत. सातवीतलं नाही. सातवीला क्लोरीनचा वास येतो. हे नळाचं पाणी आहे.

मी म्हटलं, आकडा आहे तो लिहा.

त्यांनी लिहिला.

तू टेकडी चढल्याचं पत्रात लिहिलंस ते वाचूनही मी काही बोललो नाही. तू दुसरी बाटली मागितलीस, मी हसण्यावारी नेलं. कारण दुसरी बाटली आली असती तर खरा आकडा आला असता.

आणि खरा आकडा काय येणार हे मला माहीत होतं. ताई, मी आठ महिने कुबडीवर होतो. रोज विहिरीवरून त्या संडासापर्यंत जायचो आणि कंटाळा येऊ नये म्हणून ठोके मोजायचो. तीस कधीच भरले नाहीत. जुना खड्डा लांब होता. माझा पाय मोडला तेव्हा बाबांनी दोन दिवसांत नवा बांधला, विहिरीच्या बाजूला, मागच्या दारापासून जवळ. मला चालावं लागू नये म्हणून. सगळ्या गल्लीला तीस सांगणाऱ्या माणसाने स्वतःच्या घरी माझ्यासाठी नियम मोडला, आणि मी तो खड्डा अभिमानाने अहवालात घातला.

विहीर बंद कर. कोणालाही थेंब देऊ नकोस. बाळाचं काय झालं ते कळव. काहीही असो, कळव.

भाऊ


२ एप्रिल

टुकटुक्या,

तुझं पत्र मिळालं. ते यायच्या आधीच मी गल्लीत सांगून टाकलं होतं, तेव्हा तुझ्यामुळे मी तोंड उघडलं असं समजू नकोस.

वीस तारखेला, तुला पत्र टाकल्याच्या दुसऱ्याच दिवशी, सकाळी रांग लागली होती. पहिली कळशी शिंपीणबाईंची. डोळे सुजलेले, तरी कळशी घासून लखलखीत आणलेली. म्हणाल्या, तुमचं पाणी आहे म्हणून निदान पोरीच्या पोटात चांगलं जातंय. मी पोहरा त्यांच्या हातातून घेतला आणि विहिरीत सोडून दिला, दोरासकट. मग सांगितलं. मला स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नाही, त्यामुळे मी जरुरीपेक्षा मोठ्याने बोलले असेन. सगळ्या परसात ऐकू गेलं.

ते असं. जानेवारीत सात नंबरची बाटली मी आपल्याच विहिरीत बुडवली होती. वर काढली आणि खड्ड्याच्या झाकणाकडे नजर गेली. आयुष्यभर पाहत होते, त्या दिवशी पहिल्यांदा पावलं टाकली. अकरा. तू ठोके मोजायचास ते मला ठाऊक नव्हतं. मी कठड्यावर बसले. डोळ्यांपुढे बाबांचं घर, त्यावर नंबर, त्यापुढे आकडा, आणि तो कागद वाचणारे सगळे लोक ज्यांना बाबांनी तीस पावलं सांगितली. बाटली झाडाला ओतली, टेकडी चढले आणि नळाखाली भरली. तुझा तो नमुने घेणारा माणूस आळसाने करतो, मी लाजेने केलं. बाळ मात्र त्याने निळं पाडलं नसतं; त्याच्या बाराही बाटल्या सारख्याच, मग आपल्याच विहिरीवर रांग कशाला लागली असती?

शिंपीणबाईंनी रिकामी कळशी उचलली आणि टेकडीकडे निघाल्या. पळत नव्हत्या, भरभर चालत होत्या. त्यांच्यामागे बाकीच्या.

त्या दिवसापासून बाळाला नळाचं पाणी गेलं, पण रंग परतला नाही, रक्तात भिनलेलं तेवढ्याने उतरेना. तुझा फोन आला तेव्हा डॉक्टर गाडी घेऊन दारात आले, बाळाला आणि आईला शहरात नेलं. तिथे शिरेतून औषध दिलं. औषधही निळंच असतं म्हणे. तासाभरात ओठ गुलाबी झाले. परवा घरी आणली. जगली आहे. पण डॉक्टर म्हणाले, मेंदूला किती दिवस हवा कमी पडली ते आत्ता सांगता येत नाही, ती मान धरेल, बसेल, बोलेल तेव्हा कळेल. वर्षभर वाट बघायची. मी रोज कुंपणाजवळ उभी राहते, ती लोक जवळ आल्यावर डोळे फिरवते का ते बघत. तिची आई मला बघून तिला आत नेते.

तुझ्यावर मला रागवता येत नाही, कारण सुरुवात माझी. पण तुला सोडूनही देता येत नाही. मी एका बाटलीत खोटं भरलं. तू ते ओळखलंस आणि त्यावर सगळी गल्ली आठ वर्षं टांगलीस. आपण दोघांनी मिळून बाबांना वाचवलं आणि बाबा तर केव्हाच गेलेले होते. तुझ्यासाठी खड्डा जवळ बांधला म्हणून त्यांना कोणी वाईट म्हटलं नसतं रे. मी तरी म्हटलं नसतं.

आता काय करायचं ते तुला सांगायला नको. नगरसभेला लिही. बाटली बदलली होती, कोणी बदलली, आणि तुला ते कधीपासून माहीत होतं, तिन्ही. नोकरीवर येईल, माहीत आहे. गल्लीला पहिल्या टप्प्यात घ्यायला लाव. नाही घेतली तर मी स्वतः जाऊन त्यांच्या टेबलासमोर बसेन, मला तसंही त्यांची नकारघंटा ऐकू येणार नाही.

सोबत बर्फाची पेटी पाठवते आहे, त्याच कंडक्टरकडे. आत एकच बाटली आहे, सात नंबरची. काल सकाळी सगळी गल्ली परसात उभी होती, कोणी बोलावलं नव्हतं. मी नवा पोहरा आणला होता. शिंपीणबाईंनी तो माझ्या हातातून घेतला. पहिलं पाणी ओतून दिलं, दुसऱ्याने बाटली विसळली, तिसरं भरलं, तू लिहिलं होतंस अगदी तसं. मी झाकण लावायला हात पुढे केला, तर त्यांनी ते मला लावू दिलं नाही.

ताई